दानपेटी फिरवण्यापूर्वी
स्वमग्न मुले, त्यांची कुटुंबे आणि आपण



२ एप्रिल हा दिवस जगभर ‘स्वमग्नता जागृती दिन’ म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १८ डिसेंबर २००७ रोजी तसा ठराव केला आणि २००८ पासून हा दिवस सुरू झाला. मोठ्या शहरांत या निमित्ताने स्वयंसेवक पदयात्रा काढतात, माहितीपत्रके वाटतात आणि स्वमग्न मुलांच्या शाळांसाठी निधी जमवतात. आपणही गिरड आणि आसपासच्या गावांत असे काही करावे, लोकांना माहिती सांगावी, थोडी वर्गणी जमवावी, असा विचार आपल्या तरुण मंडळींनी मांडला आहे. विचार स्तुत्य आहे. मात्र चांगल्या कामालाही आधी अभ्यास लागतो. ज्यांच्या नावाने आपण लोकांपुढे हात पसरणार, त्यांना आपण ओळखतो का? आणि मागताना त्यांचा मान राखतो का? या दोन प्रश्नांचा विचार आजच्या पाठात करू या.

स्वमग्नता म्हणजे काय?

इंग्रजीतील ‘ऑटिझम’ला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. १९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला वैद्यकशास्त्रात जागा मिळाली. स्वमग्नता हा संसर्गाने होणारा रोग नाही आणि ते वेडही नाही. मेंदूची वाढ जन्माआधीपासूनच थोड्या वेगळ्या वाटेने होते. त्यामुळे बोलणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, आवाज-उजेड-स्पर्श सोसणे या गोष्टी इतरांना सहज जमतात तशा त्या मुलाला जमत नाहीत. काही मुलांची बुद्धी मंद असते, काहींची सर्वसाधारण असते, तर काही अभ्यासात इतरांच्या पुढेही असतात. काही जन्मभर बोलत नाहीत, तर काही अखंड बोलतात, पण एकाच विषयावर. म्हणून एका स्वमग्न मुलाला पाहिले म्हणजे सगळी मुले कळली असे होत नाही.

‘स्वमग्न’ हा शब्द कानाला गोड आहे, पण तो थोडा फसवतो. जणू मूल आपल्याच आनंदात, ध्यानात बसले आहे असे वाटते. खरी गोष्ट पुष्कळदा उलटी असते. बाहेरचे जग त्याच्यावर फार जोरात येऊन आदळते. आपल्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला येणारी गर्दी आठवा, पोळ्याच्या दिवशीचे ढोल आठवा. आपल्याला त्यात उत्साह वाटतो. अशा मुलाला तोच आवाज सुईसारखा टोचू शकतो. मग ते कान झाकते, किंचाळते किंवा पळत सुटते. लोक म्हणतात, मूल हट्टी आहे, लाडावलेले आहे.

लक्षणे बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आईचा हात धरून त्या वस्तूकडे ओढत नेते. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे नाही. किंवा आलेले शब्द पुन्हा गेले. तान्ह्या पोळ्याला सगळी पोरे लाकडी बैल दारोदार मिरवतात आणि हे मात्र बैल उलटा करून त्याचे चाक तासन्‌तास फिरवत बसते. यातले एखादे लक्षण दिसले म्हणून लगेच घाबरू नये. पण ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ म्हणत दोन-तीन वर्षे घालवूही नयेत. आधी कान तपासून घ्यावेत, मग बालरोगतज्ज्ञांकडे जावे. लहानपणी सुरू केलेल्या शिकवणीचा उपयोग अधिक होतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालाचा अंदाज असा, की जगात साधारण दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न असते. ही सरासरी आहे, आपल्या भागाची मोजणी नव्हे. तरी हिशेब करून पाहा. दहा हजारांच्या वस्तीत ऐंशीच्या आसपास माणसे होतात. त्यांपैकी आपण किती जणांना ओळखतो? बाकीची आहेत कुठे? पुष्कळशी घरातच आहेत, पाहुणे आले की आतल्या खोलीत. काहींच्या अवस्थेला नावच मिळालेले नाही. गाव त्यांना ‘मुका’ किंवा ‘येडा’ म्हणते आणि विषय संपतो.

दोष कोणाचा?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात ही कथा आहे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. दोन हजार वर्षे झाली, तरी हा प्रश्न आपल्या तोंडून गेलेला नाही. फक्त त्याचे कपडे बदलतात. कोणी म्हणते ग्रहण पाळले नाही, कोणी म्हणते करणी झाली, कोणी म्हणते आई नोकरीला जाते, मुलाकडे लक्ष कोण देणार?

शिकलेली माणसेही या चुकीतून सुटलेली नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत अनेक तज्ज्ञ सांगत होते, की आईची माया थंड असते म्हणून मूल स्वमग्न होते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली हेच मत एका पुस्तकातून लोकांपर्यंत नेले. किती माता या आरोपाखाली पिचल्या असतील, विचार करा. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ सालीच पुराव्यानिशी दाखवून दिले होते, की कारण शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी इतर पालकांना घेऊन संघटना उभी केली. आज या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे सर्वमान्य आहे. आईला दोष देणारा सिद्धांत टाकून दिला गेला आहे.

तसाच दुसरा गैरसमज लसीचा. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा एक लेख १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो सदोष ठरला आणि २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला. तेव्हा लस चुकवू नका, आणि चुकवा असे सांगणाऱ्याचे ऐकू नका.

आपल्या स्वयंसेवकांनी गावात पहिली गोष्ट हीच सांगावी : ‘माय, यात तुझा दोष नाही.’ एवढे एक वाक्य घरोघरी पोचले, तरी अर्धी जागृती झाली असे मी म्हणेन.

आपल्या जिल्ह्याने शिकवलेला धडा

माणसाला आजारापेक्षा एकटेपण जास्त मारते, हे वर्धा जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढण्याचे ते दिवस. १९३६ साली विनोबाजींचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. १९३९ साली परचुरे शास्त्री हे कुष्ठरोगी विद्वान सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली. आपल्याच हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले आणि समाजाने टाकलेल्या माणसांच्या हातांना काम दिले.

स्वमग्नता आणि कुष्ठरोग यांची जात वेगळी आहे, हे मी पुन्हा सांगतो. धडा मात्र एकच आहे. या लोकांनी आधी जवळ जाऊन दाखवले. लोकांनी ते पाहिले आणि हळूहळू भीती ओसरली. जवळ न जाता केलेली जागृती म्हणजे नुसता कर्णा.

जागृतीच्या वाटेवरचे दोन खड्डे

पहिला खड्डा कीव. निधी जमवायचा तर लोकांच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे, असा एक समज आहे. इंग्लंडमधील पालकांच्या संस्थेने १९६३ साली आपले चिन्ह ठरवले. त्यात कोड्याचा एक तुकडा होता आणि त्यावर रडणारे मूल. हेतू वाईट नव्हता, पण स्वमग्न मूल म्हणजे एक दुःखी कोडे ही समजूत त्यातून पसरली. त्या संस्थेने ते चिन्ह पुढे सोडून दिले. डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कमधील एका वैद्यकीय केंद्राने जागृतीसाठी जाहिराती लावल्या. स्वमग्नता जणू मुलाला पळवून नेणारी गुंड आहे आणि तिने आईबापांना धमकीची चिठ्ठी पाठवली आहे, अशी त्यांची मांडणी होती. स्वमग्न प्रौढांनी आणि पालकांनी जोरदार निषेध केला आणि दोन-तीन आठवड्यांतच त्या जाहिराती काढाव्या लागल्या. ज्यांच्यासाठी मोहीम काढली त्यांनाच तिचा अपमान वाटला. आधी त्यांना विचारले असते, तर ही वेळ आली नसती.

दुसरा खड्डा नवल. मुंबईच्या जिया राय या मुलीचे नाव तुम्ही ऐकले असेल. ती नौदलातील कर्मचाऱ्याची मुलगी आणि स्वमग्न आहे. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहली. स्वमग्नतेविषयी लोकांना कळावे म्हणून तिने हे केले होते. २०२२ साली तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला आणि जुलै २०२४ मध्ये तिने इंग्लंड-फ्रान्समधली खाडीही पार केली. इथे मूल कोणाच्या पेटीवरचे चित्र नाही, ते स्वतः जागृती करत आहे. त्याचे मनापासून कौतुक करावे.

पण आपल्या शेजारचे मूल समुद्र पोहणार नाही. त्याने पंधरा वर्षांचे झाल्यावर स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणे लावली, तर तो त्याच्या घरी सण असेल. मग त्याची किंमत जियापेक्षा कमी का? इथे तत्त्वज्ञानाचा थोडा आधार घेऊ. माणूस म्हणजे बोलणारा, विचार करणारा प्राणी, अशी जुनी व्याख्या आहे. ती वरवर घेतली, तर न बोलणारे मूल माणसांतून वगळले जाईल. पण संत थॉमस अक्विनास यांच्या परंपरेचे उत्तर असे, की माणसाचे माणूसपण तो काय आहे यात असते, या घडीला काय करून दाखवतो यात नसते. झोपलेला माणूस विचार करत नाही, म्हणून तो माणूस राहत नाही असे आपण म्हणत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली वेगळ्या वाटेने जवळपास हेच सांगितले : माणसाला केवळ साधन म्हणून कधी वापरू नये. हा नियम निधी गोळा करणाऱ्यांनाही लागू आहे. पैसे जास्त जमावेत म्हणून मुलाचा रडका फोटो पेटीवर चिकटवला, तर मूल साधन झाले, उद्देश कितीही चांगला असो. त्या मुलाला उद्या याच गावात मोठे व्हायचे आहे.

निधी कशासाठी आणि कसा?

वर्गणी मागायला जाऊ, तेव्हा लोक विचारतील, पैसा कशाला? उत्तर नेमके असावे. माझ्या मते गरज पुढील ठिकाणी आहे.

पहिली गरज प्रवासाची. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बालरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. पण मजुरी करणाऱ्या आईबापांना मुलाला घेऊन जाणे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली रोजी. एका भेटीत निदान होत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते. चौथ्या खेपेला घर थकते आणि उपचार सुटतो. तिथे आपली वर्गणी कामी येईल.

दुसरी गरज शिकवणाऱ्यांची. स्वमग्नता पुसून टाकणारे औषध नाही. बोलण्याचे प्रशिक्षण, रोजच्या कामांचे प्रशिक्षण आणि चित्रे दाखवून संवाद यांनी मूल पुढे जाते. हे सारे रोज घरी करावे लागते. एखाद्या अंगणवाडी सेविकेला, एखाद्या शिक्षिकेला, स्वतः आईला असे प्रशिक्षण मिळाले, तर त्याचा लाभ वर्षानुवर्षे टिकतो. या क्षेत्रातल्या पुष्कळ संस्था पालकांनीच उभ्या केल्या आहेत. मेरी बरुआ या आईने १९९१ साली दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. छत्रपती संभाजीनगरला अंबिका टाकळकर या आईने ‘आरंभ’ उभी केली. गरज आधी घरात कळली, समाज मागून आला.

तिसरी गरज कागदपत्रांची. यात पैसा थोडा आणि पायपीट फार. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. म्हणजे आता प्रमाणपत्र मिळू शकते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याला कायदेशीर पालक नेमून देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील आणि शाळेतील मुलांच्या तपासणीत स्वमग्नतेचाही समावेश आहे. हक्क आहेत, पण अर्ज भरून देणारा, रांगेत सोबत उभा राहणारा माणूस नाही. आपल्यातला एक पदवीधर तरुण महिन्यातून दोन दिवस एवढेच करील, तर ते मोठ्या देणगीच्या तोडीचे होईल.

चौथी गरज पुढच्या आयुष्याची. ‘आमच्या मागे याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक आईबापाला रात्री झोपू देत नाही. मुंबईत जुहू येथे यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ साली ‘कॅफे अर्पण’ हे उपाहारगृह सुरू केले. स्वमग्नता किंवा बौद्धिक विकासाच्या अडचणी असलेली प्रौढ माणसे तिथे काम करून मजुरी कमावतात. गिरडला कॅफे चालणार नाही. पण रोपवाटिकेत पिशव्या भरणे, मेणबत्त्या करणे, पापड मोजून पाकिटात घालणे अशी ठरावीक क्रमाने करायची कामे यांपैकी कित्येकांना छान जमतात. वर्गणीतून असे एखादे काम उभे राहिले, तर दान पुन्हा पुन्हा मागावे लागणार नाही.

पैसा कशावर घालवू नये, हेही सांगतो. ‘शंभर टक्के बरा करतो’ म्हणणाऱ्यांवर एक रुपयाही नको. शहरांत मूलपेशींचे इंजेक्शन म्हणून लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ साली स्वमग्नतेसाठी अशा उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. शेत गहाण टाकून असे उपचार करू पाहणाऱ्या बापाला वेळेवर थांबवणे हीसुद्धा सेवा आहे.

आणि हिशेब. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी, आणि जमा-खर्च चर्चच्या फलकावर लावावा. मात्र मदत घेणाऱ्या कुटुंबाचे नाव फलकावर लावू नये. देणाऱ्याचे नाव छापायचे आणि घेणाऱ्याला लाजवायचे, ही रीत आपल्याकडे नको. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, या प्रभूच्या शिकवणीत घेणाऱ्याचीही अब्रू राखली जाते.

आपल्याच बाकावर

नोव्हेंबर २०१४ मध्ये रोम येथे स्वमग्नता या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या शेवटी, २२ नोव्हेंबर रोजी, दिवंगत पोप फ्रान्सिस स्वमग्न मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना भेटले. या कुटुंबांचे एकटेपण आणि त्यांच्यावरचा कलंक मिटवण्यासाठी सर्वांनी हातभार लावावा, असे त्यांनी सांगितले. ते ‘सर्व’ म्हणजे आपणच.

मिस्सेच्या वेळी एखादे मूल मोठ्याने आवाज काढते, मार्गिकेतून धावते. आपण मागे वळून पाहतो. त्या एका नजरेने ती आई पुढच्या रविवारी घरी राहते. मार्काच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, बहिऱ्या आणि बोबड्या माणसाला लोक प्रभूकडे आणतात. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो आणि स्पर्शाने, खुणेने त्याच्याशी बोलतो. ज्याला शब्द पोचत नाहीत, त्याच्याशी त्याला कळेल त्या रीतीने बोलणे हे आपण इथून शिकावे. दाराजवळचा एक बाक अशा कुटुंबांसाठी मोकळा ठेवू. ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा कमी करू. त्या मुलाला नावाने ओळखू आणि उत्तर आले नाही तरी पुढच्या रविवारी पुन्हा हाक मारू. याला एक पैसाही लागत नाही.

चिंतनासाठी आणि कृतीसाठी

१) माझ्या वाडीत, नात्यात असे मूल आहे का? मी त्या घरी शेवटचा कधी गेलो?

२) त्याच्या आईला दोष देणारे बोल माझ्या तोंडून किंवा माझ्यासमोर निघतात का? तेव्हा मी काय करतो?

३) आठवड्यातला एक तास मी त्या मुलासोबत बसू शकेन का, म्हणजे त्याच्या आईला बाजार करता येईल, डोळा लावता येईल?

४) वर्गणीसाठी निघण्यापूर्वी, अशा एका तरी कुटुंबाला ‘तुम्हाला काय हवे?’ असे आपण विचारले आहे का?

ज्या तरुणांना या कामात यायचे आहे, त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर थांबावे. पावती पुस्तके आपण सर्वांत शेवटी छापू. पहिल्या महिन्याचे काम फक्त भेटीचे, ऐकण्याचे आणि शिकण्याचे राहील.

आपला,
धर्मगुरू